टवका उडालेला सिंह

आज डोकं तापलंय, म्हणून लिहून मोकळी होते.

दुपारी चहाला ओळखीतली मंडळी आली होती. एक ताई, त्यांचे मिस्टर आणि कॉलेजातला मुलगा. खिडकीच्या कट्ट्यावर माझा सिंह असतो, मातीचा, भाजलेला, गुबगुबीत. ताईंनी तो उचलला, उलटा केला, मागच्या पायाचा टवका उडालेला पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, भंगलेलं घरात ठेवू नये. त्यातून हे असं परक्याचं. त्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत मेलेल्या माणसांचं सामान येतं ना?" तेवढ्यात मुलाने फोनवर शोधूनही काढलं. "मावशी, पाय शाबूत असता तर याचे खूप पैसे आले असते. आता काही नाही."

एका मिनिटात दोघांनी त्याचा निकाल लावला. एकीने अशुभ म्हणून, दुसऱ्याने भाव नाही म्हणून. मी चहा ओतत राहिले. घरी आलेल्या माणसांना काय बोलायचं? पण घशाशी आलेलं तसंच अडकून बसलंय.

तो सिंह घरी कसा आला ते सांगते.

स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला आलो त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. डिसेंबरात इथे साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. नवरा ऑफिसात, लेक शाळेत, मी घरात एकटी आणि बाहेर काळोख. चालायला म्हणून निघायचे आणि वाटेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरायचे, कारण तिथे ऊब असायची आणि काही घेतलं नाही तरी कुणी विचारायचं नाही. इथे त्याला लोप्पिस म्हणतात. मांडण्यांवर कप, बश्या, दिवे, लोकरीचे गुंडे. त्यात एका टोपलीत, प्लास्टिकच्या खेळण्यांमध्ये, हा पडला होता. आयाळ एवढी मोठी आणि चेहरा असा, की डरकाळी फोडायला कुणी सांगितलं तर हा आधी माफी मागेल. किती दिवसांनी हसले मी त्या दिवशी.

गल्ल्यावर एक आजी होत्या. अशा दुकानांत पुष्कळदा निवृत्त माणसं बिनपगारी काम करतात. त्यांनी सिंह हातात घेतला, पोटाखालचा शिक्का पाहिला आणि जिथे टवका उडालाय तिथून अंगठा फिरवला. हळूच, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावरून फिरवतात तसा. म्हणाल्या, "आमच्याकडेही होता. खिडकीत ठेव. तोंड रस्त्याकडे करून." माझ्या मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये मी विचारलं, रस्त्याकडे कशाला? "अंधारातून घरी येणाऱ्याला दिसायला नको का?"

साठ क्रोनर दिले मी. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला. पिशवीत टाकला नाही, हातात दिला.

नंतर कळलं, हे लिसा लार्सन या स्वीडिश शिल्पकार बाईचं काम. बाई शिकली ती याच गावात, गोथेनबर्गच्या कलाशाळेत. १९५४ साली स्टिग लिंडबर्ग या नामवंत रचनाकाराने तिला स्टॉकहोमजवळच्या गुस्ताव्सबर्गच्या चिनी मातीच्या कारखान्यात बोलावलं, वर्षभर करून बघ म्हणाला, आणि ती १९८० पर्यंत तिथेच राहिली. जाड्या मांजरी, बुलडॉग, ठेंगण्या मुली, आणि साठच्या दशकात हे सिंह. कारखान्यात पुष्कळ संख्येने निघायचे, म्हणून तर साध्यासुध्या घरांच्या खिडक्यांपर्यंत पोचले. २०२४ मध्ये गेली ती, ९२ वर्षांची होऊन. बातमी वाचली त्या दिवशी मी सिंह पुसून ठेवला. दुसरं काय करणार होते.

आता त्या बाजारभावाबद्दल. स्वीडनमध्ये १९१९ साली एक घोषणा गाजली होती, रोजच्या वापरातल्या वस्तू अधिक सुंदर हव्यात अशा अर्थाची. रोजच्या वापरातल्या! कामगाराच्या घरातला कपसुद्धा सुंदर असावा, एवढ्यासाठी ही माणसं राबली. आणि आज काय चाललंय? सकाळी दुकान उघडताच लोक फोन घेऊन शिरतात, प्रत्येक बशी उलटी करून शिक्का बघतात, उचलतात आणि रात्री चौपट किमतीला विकायला टाकतात. डेन्मार्कच्या काय बॉयेसेन नावाच्या कारागिराचं लाकडी माकड घ्या. १९५१ चं, सागाचं आणि लिंबा नावाच्या आफ्रिकी लाकडाचं. मुळात मुलांचे कोट अडकवायला म्हणून त्याचे ते लांब हात. आता जुनं माकड काचेच्या कपाटात, कुलपात. कोट अडकवणारं मूल त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नाहीत. विकणाऱ्यांमुळे काही वस्तू कचऱ्यात जाण्यापासून वाचतात, हे मान्य. एवढंच मान्य.

आणि मेलेल्या माणसांचं सामान? हो, असतं. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या घरसंसाराला इथे डोड्सबू असा शब्दच आहे, आणि त्यातलं पुष्कळ या दुकानांत येतं. गादी-उशी मीही घेत नाही. पण माझ्याकडे लोणी लावायची एक लाकडी सुरी आहे, जुनिपरच्या लाकडाची, ओली झाली की अजून वास येतो. इथे शाळेत मुलामुलींना लाकूडकाम शिकवतात, त्यात कुणीतरी ती घडवलेली. मुठीवर वेडीवाकडी दोन अक्षरं कोरलीत. कुणा आईने ती जन्मभर जपली असणार. ती सुरी हातात घेताना मला अशुभ वाटत नाही हो. मला त्या आईची आठवण येते, जिला मी कधी पाहिलंही नाही.

हे लिहिता लिहिता आजीची वज्री आठवली. पितळी, पाय घासायची, वर दोन पोपट समोरासमोर. पाय घासायच्या वस्तूवर पोपट कशाला? कुणा तांबटाला वाटलं, म्हणून. पुण्यात राजा केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी अशाच वज्र्या, अडकित्ते, दिवे जमवून ठेवलेत, आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने. दर खेपेला मी त्या काचेसमोर उभी राहते. आमची वज्री वाडा पाडला तेव्हा घंगाळ, बंब, तपेल्यांबरोबर मोडीत गेली. किलोवर. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, तिथेच उभी होते, तराजू बघत होते, आणि एक शब्द बोलले नाही. त्या गल्ल्यावरच्या आजींनी परक्या घरच्या सिंहाच्या टवक्यावरून अंगठा फिरवला आणि मी माझ्या आजीच्या पोपटांवरून शेवटचा हातसुद्धा फिरवला नाही.

राग ताईंवर नाहीये बहुतेक. त्या मनाने चांगल्या आहेत, जाताना लेकीच्या हातात खाऊ ठेवून गेल्या. भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवू नये हे मीही पाळते. पण सिंह काही देव नाही. तो घरातला आहे. घरातल्या कुणाचा पाय मोडला तर त्याला काय बाहेर काढतो का आपण?

मंडळी गेल्यावर बघितलं, तर सिंहाचं तोंड आत, भिंतीकडे. टवका दिसू नये म्हणून ताईंनीच फिरवला असेल. मी परत रस्त्याकडे केला, शेजारचा दिवा लावला आणि कचरा टाकायला खाली गेले. येताना मान वर करून पाहिलं. तिसरा मजला, दिव्याखाली आयाळ. दिसतो खालून. आजी म्हणाल्या होत्या तसाच.

आणि एक विनंती. कुणाच्या माळ्यावर पोपटांची वज्री पडली असेल आणि मोडीत द्यायचं घाटत असेल, तर त्याआधी मला मेसेज करा. घासलेली नसली, एका पोपटाची चोच गेलेली असली तरी चालेल. पितळेच्या भावाच्या दुप्पट देईन, आणि येत्या मे महिन्यात स्वतः न्यायला येईन.