‘दुसऱ्या डिस्कला ना पार्टिशन हवे, ना लेबल’ : हा सल्ला पुढे पाठवू नका

आमच्या फोंडा-डिचोलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत चतुर्थीपासून एक मजकूर फिरतोय. त्याचा गाभा असा: ‘लिनक्सला दुसरी हार्डडिस्क जोडली की पार्टिशन पाडत बसू नका. अख्खी डिस्क थेट फॉरमॅट करा, एफएसटॅबमध्ये एसडीबी लिहा, झाले. पार्टिशन पाडायचेच तर जुने एमबीआर पुरे. लेबल नुसते शोभेला.’ (पार्टिशन म्हणजे डिस्कचा आखून दिलेला भाग, एमबीआर म्हणजे त्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत, लेबल म्हणजे आपण दिलेले नाव आणि एफएसटॅब म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क जोडायची ते लिनक्सला सांगणारी फाइल.) जत्रेतली नाटके, भजनी सप्ताहांची रेकॉर्डिंग अशाच डिस्कांवर जपणारी मंडळी गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पार्टिशनशिवाय चालते का? चालते. अख्ख्या डिस्कवरची एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम (फायली मांडून ठेवायची लिनक्सची पद्धत) लिनक्स बिनतक्रार माउंट करतो, म्हणजे वापराला जोडून घेतो. पण तीच डिस्क कोणी विंडोजला जोडली, तर पार्टिशन टेबल (भागांची नोंद) न दिसल्याने विंडोज ती कोरी समजते आणि ‘इनिशियलाइझ’ करायचे का, असे विचारते. समोरच्याने होकार दिला की जीपीटी या नव्या पद्धतीचे टेबल पहिल्या ३४ सेक्टरांत (५१२ बाइटांचा एक) लिहिले जाते. एक्स्ट-फोरचा मुख्य सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची स्वतःची मूळ माहिती) सुरू होतो १०२४व्या बाइटपासून, म्हणजे नेमका त्याच जागेत. सुपरब्लॉकच्या जादा प्रती पुढे असतात आणि त्यांवरून डिस्क बऱ्याचदा सावरते. पण एक पार्टिशन पाडायला मिनिटही लागत नाही, मग हा धोका कशाला पत्करायचा?

एमबीआरचे उत्तर एका आकड्यात आहे. सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा, सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून साधारण २.२ टेराबाइटच्या पुढची जागा हाताशी येत नाही. आज ४ टेराबाइटची डिस्क सर्रास घेतली जाते. जीपीटीच वापरा.

सर्वांत घातक आहे ते ‘एसडीबी लिहा’. एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावे नव्हेत. यंत्र सुरू होताना जी डिस्क आधी सापडेल तिला आधीचे अक्षर मिळते. आमच्याकडे दोन सारख्या डिस्का होत्या, एकीवर मूळ रेकॉर्डिंग, दुसरीवर त्यांची प्रत. मृगाच्या पहिल्या पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली. यंत्र परत सुरू झाले तेव्हा अक्षरांची अदलाबदल झाली होती. रात्री आरसिंक (मूळ पाहून प्रत ताजी करणारा प्रोग्राम) नेहमीप्रमाणे चालला, पण उलट दिशेने: शिळी प्रत मूळ समजून त्याने खऱ्या मूळ डिस्कवरच्या नव्या फायली ‘जादा’ म्हणून पुसल्या. एका म्हाताऱ्या भजनीबुवांचे त्या आठवड्यातले गायन त्यात गेले. ते परत मिळाले नाही.

एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक) किंवा लेबल लिहिले असते तर अक्षरे कितीही फिरली तरी बिघडले नसते. ‘एलएसबीएलके’ या आज्ञेला एफचा पर्याय दिला की दोन्ही दिसतात. मी लेबल पसंत करतो, कारण ते वाचता येते. दोन डिस्कांना एकच लेबल मात्र देऊ नका. एक्स्ट-फोरचे लेबल १६ बाइटांचे, एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमचे १२. देवनागरीत अक्षर आणि मात्रा प्रत्येकी ३ बाइट खातात, म्हणून रोमन लिपीतले छोटे नाव बरे. त्याच ओळीत ‘नोफेल’ही लिहा. नाहीतर डिस्क जोडलेली नसली की सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते.

एक गोष्ट त्या मजकुरात नाही, पण तो वाचून लेबल द्यायला निघालेला माणूस हमखास तिथे फसेल. पार्टिशन पाडायच्या ‘पार्टेड’ प्रोग्राममधली ‘एमकेलेबल’ ही आज्ञा नाव देत नाही, नवे पार्टिशन टेबल लिहिते. बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीच्या जुन्या परंपरेत ‘डिस्कलेबल’ म्हणजे टेबलच, तिथूनचा हा अर्थ. भरलेल्या डिस्कवर ती चालवू नका. एक्स्ट-फोरला नाव द्यायला ‘ई-टू-लेबल’ आहे. बीएसडीचाच एक प्रकार असलेल्या फ्रीबीएसडीवर ‘जीपार्ट’ आज्ञेने पार्टिशन पाडतानाच एलच्या पर्यायाने नाव देता येते.

तेच नाव डिस्कच्या कवचावर मार्करनेही लिहा. वीज गेलेली असताना, टॉर्चच्या उजेडात, तेवढेच वाचता येते.