‘फ्रीज थंड करत नाही म्हणजे गॅस संपला’: फिरत्या मेसेजचा मुद्देसूद प्रतिवाद

ऊन तापायला लागलं की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. ‘फ्रीज थंड करत नाही म्हणजे गॅस संपला. तीन-चार वर्षांनी तो संपतोच. मेकॅनिकला हजारो रुपये कशाला देता? गॅसचा डबा आणा, घरीच भरा. साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडा आला नाही तर गळती नाही. नव्या फ्रीजमध्ये तर लायटरचाच गॅस असतो. बर्फ साचला तर मीठ टाका नाहीतर सुरीने खरवडा. बाजू गरम लागल्या तर कॉम्प्रेसर जातोय असं समजा. कॉम्प्रेसर उठत नसेल तर रिले काढून डायरेक्ट करा. करंट लागत असेल तर फ्रीजखाली लाकडी फळी घाला.’

मी फ्रीज-एसी दुरुस्तीच्या कामातला माणूस आहे. घरच्यांनी फ्रीजला हातच लावू नये, असं मी कधीच म्हणत नाही. बऱ्याच तक्रारी घरच्या घरी मिटण्यासारख्या असतात. पण हा मेसेज जिथे हात घालू नये नेमका तिथेच घालायला सांगतो आणि जिथे घालावा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘थंड करत नाही म्हणजे गॅस संपला.’ थंडावा कमी होण्याची कारणं पुष्कळ आहेत, गॅस त्यातलं फक्त एक. सगळ्यात जास्त फसगत होते ती डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये. वर फ्रीजरमध्ये बर्फ नीट जमतोय, आइस्क्रीम घट्ट आहे, पण खाली दूध नासतंय आणि पालेभाजी मान टाकतेय. मेसेज वाचलेला माणूस लगेच म्हणतो, गॅस कमी झाला. अहो, गॅस कमी झाला असता तर फ्रीजरचीही तक्रार आली असती! या प्रकारच्या बहुतेक फ्रीजमध्ये खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसतेच. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड थंड नळ्यांची कॉइल असते, पंखा तिच्यावरची गार हवा ढकलतो आणि त्यातली थोडी हवा झरोक्यातून खाली उतरते. कॉइलवर हिम जमत राहतं, ते ठरावीक काळाने वितळवायला एक छोटा हीटर असतो. तो हीटर, त्याचा सेन्सर, थर्मल फ्यूज किंवा टायमर यातलं काहीही बिघडलं की कॉइल हळूहळू बर्फात गाडली जाते. हवेची वाट बंद होते आणि खालचा कप्पा गरम पडतो. आतला गॅस मात्र जसाच्या तसा असतो.

हे घरी ओळखता येतं, आणि एक पेचकसही लागत नाही. दूध-दही शेजाऱ्यांकडे ठेवा, प्लग काढा, दोन्ही दरवाजे सताड उघडे ठेवा, खाली जुने पंचे पसरा आणि पूर्ण एक दिवस फ्रीज तसाच राहू द्या. पॅनेलआडचा बर्फ वितळून पाणी मागच्या ट्रेमध्ये येईल, ट्रे भरून वाहणार नाही एवढं बघा. पुन्हा चालू केल्यावर खालचा कप्पा काही दिवस झकास गार राहिला आणि मग परत तीच रड सुरू झाली, तर दोष जवळपास नक्कीच डीफ्रॉस्टचा, म्हणजे हिम वितळवणाऱ्या यंत्रणेचा. निव्वळ बंद ठेवल्याने कमी झालेला गॅस काही वाढत नाही. एवढं करून मेकॅनिकला बोलावलंत आणि घडलं ते सांगितलंत, तर तो गॅसऐवजी हीटर आणि सेन्सर तपासेल.

गॅस खरंच कमी झाला की चित्र निराळं दिसतं. सिंगल डोअरमध्ये फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात, जिथून गॅस शिरतो तिथे, हिमाचा पट्टा दिसतो आणि बाकीचा पत्रा कोरडा राहतो. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. आणि मागची जाळी किंवा बाजूचे पत्रे, जे एरवी गरम असतात, ते जेमतेम कोमट लागतात. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर गॅसचा संशय घ्यायला जागा आहे.

त्याआधी साध्या गोष्टी बघून घ्या. दरवाजाच्या रबरात दहाची नोट अर्धी धरून दार लावा आणि नोट ओढा. ती अलगद निसटली तर तिथून गार हवा जातेय. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून घेतलं, वाकलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ धरलं, तर पुष्कळदा ते पुन्हा बसतं. झरोक्यासमोर पिठाचे डबे आणि कोथिंबिरीच्या पिशव्या कोंबलेल्या असतील तर बाजूला करा. थर्मोस्टॅटच्या बटणावर मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, याबाबतही घरोघरी गोंधळ आहे. मागे काळी जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ ब्रशने झाडा. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा, सकाळी पारा ५ अंशांच्या आत असेल तर तुमचा फ्रीज ठणठणीत आहे. आणि हो, चंद्रपूर-नागपूरकडच्या वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. सर्वांत उष्ण हवामानासाठीच्या ‘टी’ वर्गातला फ्रीजसुद्धा ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आखलेला असतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात पारा त्याच्या वर गेला, तर दुपारी फ्रीज दमणारच. तो बिघाड नव्हे.

‘गॅस तीन-चार वर्षांनी संपतोच.’ हे साफ खोटं आहे. फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की खर्च होत नाही. तो सीलबंद नळ्यांत फिरत राहतो, आत उकळतो, बाहेर येऊन पुन्हा द्रव होतो. पंधरा-वीस वर्षं एकदाही गॅस न भरलेले फ्रीज आजही घरांत चालू आहेत. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

आता ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला बसलो तो. ‘गॅसचा डबा आणा आणि घरीच भरा, नव्या फ्रीजमध्ये लायटरचाच गॅस असतो.’

आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. जुन्यांत आर-१३४ए, आणि त्याहून जुन्यांत आर-१२, ज्याचं उत्पादन ओझोनच्या कारणाने आपल्याकडे २०१०पर्यंत बंद झालं. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे फ्रीजच्या मागच्या किंवा आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. लायटरच्या डब्यात नुसता आयसोब्युटेन नसतो, त्यात साधा ब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेले असतात, ओलावा आणि इतर अशुद्धीही असू शकतात. त्यामुळे दाबाचं गणित बिघडतं. आणि जुन्या आर-१३४ए वाल्या फ्रीजमध्ये हा गॅस घालणं तर त्याहून वाईट, कारण त्याचा कॉम्प्रेसर, रिले, दिव्याचा स्विच यातलं काहीच जळणाऱ्या गॅसचा विचार करून बनवलेलं नसतं.

‘घरात एवढा मोठा सिलिंडर असतोच की,’ असं लोक म्हणतात. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. फ्रीजच्या आर-६००एला तसा वास घातलेला नसतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साचतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे १.८ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. हिशेब करून बघा. १० ग्रॅम आयसोब्युटेन म्हणजे खोलीच्या तापमानाला चार लिटरहून थोडा जास्त वायू. २०० लिटरच्या बंद फ्रीजमध्ये तेवढाच पसरला तरी प्रमाण दोन टक्क्यांवर जातं. अशा फ्रीजचं दार उघडलं आणि आतल्या स्विचमध्ये किंवा थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी पडली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. कारखान्यातून आलेल्या आर-६००ए फ्रीजमध्ये हे भाग ठिणगीपासून सुरक्षित राहतील असे बसवलेले असतात. बाजारातला स्वस्त स्विच लावला की ते संरक्षण गेलं.

आणि आग लागली नाही तरी काम होत नाही ते नाहीच. घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए साधारण ४० ते ६० ग्रॅमच्या घरात असतो. त्यात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले की थंडावा बिघडतो, म्हणून तो काट्यावर वजन करून भरतात, ‘फ्रीजर गार लागला की पुरे’ अशा अंदाजाने नाही. भरण्याआधी गळती सापडायला हवी. मेसेज सांगतो की साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला नाही तर गळती नाही. पण आर-६००ए उणे ११.७ अंशांना उकळतो. फ्रीजर त्याहून बराच गार असतो, म्हणजे फ्रीज चालू असताना थंड बाजूच्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. तिथे भोक असेल तर गॅस बाहेर येत नाही, हवा आणि बाष्प आत ओढलं जातं. बुडबुडा येणार कुठून? म्हणून आधी नायट्रोजनचा दाब देऊन तपासतात. आत शिरलेलं बाष्प अतिशय बारीक अशा कॅपिलरी नळीत गोठतं आणि लाइन चोक होते. ते टाळायला ओल शोषणारा फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची, मग गॅस. यातलं काहीही डब्यासोबत मिळत नाही.

‘मीठ टाका नाहीतर सुरीने खरवडा.’ सिंगल डोअर फ्रीजचा फ्रीजर दोन पातळ अॅल्युमिनियमचे पत्रे चिकटवून केलेला असतो आणि त्यांच्या मधूनच गॅसच्या वाटा जातात. सुरीचं टोक जरा रुतलं की फुस्स आवाज येतो, आणि ज्या गॅससाठी हा सगळा खटाटोप तो खरोखरच निघून जातो. मीठ अॅल्युमिनियमला कुरतडतं, भोक आज नाही तर पुढच्या वर्षी पडतं. बटणाच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बोंड असतं ते दाबा. घाई असेल तर प्लग काढून फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि दार उघडं राहू द्या.

‘बाजू गरम लागल्या तर कॉम्प्रेसर जातोय.’ पूर्वी मागे दिसायची ती जाळी आता बऱ्याच फ्रीजमध्ये बाजूच्या पत्र्यांच्या आत गेली आहे. आतली उष्णता बाहेर टाकायची जागाच ती. उन्हाळ्यात पत्रा चांगला गरम लागतो, हे फ्रीज काम करतोय याचं लक्षण आहे. भिंतीपासून दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडा.

‘रिले काढून डायरेक्ट करा.’ साध्या कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, असतात. सुरुवातीच्या वाइंडिंगला क्षणभरच वीज मिळावी म्हणून रिले, आणि मोटर तापली तर वीज तुटावी म्हणून ओव्हरलोड नावाचा भाग. दोन्ही काढून वायर जोडली की ते वाइंडिंग बघता बघता जळू शकतं. काही शे रुपयांचा रिले वाचवायला गेलेला माणूस कॉम्प्रेसर घालवून बसतो. ‘घुंऽऽ’ करून काही सेकंदांत ‘टक्’ आवाज येत असेल, तर आधी घरातलं व्होल्टेज बघा. वीज जाऊन लगेच आली असेल तर पाच मिनिटं थांबून चालू करा, तेवढ्यात आतले दाब समान होतात. इन्व्हर्टर फ्रीजच्या मागचं कार्डाचं, म्हणजे सर्किट बोर्डाचं, झाकण तर उघडूच नका. त्यातल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टहून जास्त दाब काही काळ टिकून राहू शकतो.

‘करंट लागत असेल तर फळी घाला.’ हा मला सगळ्यात क्रूर सल्ला वाटतो. फळीने करंट जात नाही. फ्रीजचा पत्रा तसाच जिवंत राहतो आणि ओल्या पायांनी दार उघडायला आलेल्या पोराची वाट बघतो. करंट लागतो म्हणजे आत कुठेतरी वायर पत्र्याला टेकली आहे किंवा ओल आली आहे, आणि वर घराचं अर्थिंगही धड नाही. प्लग काढा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनांतली जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कधीही घालू नका. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. फ्रीजआधी हा खर्च करा.

राहिला मेकॅनिकला हजारो रुपये देण्याचा मुद्दा. हा राग खोटा नाही. दार उघडून हात फिरवतात, ‘गॅस गेला’ म्हणतात आणि पैसे घेऊन जातात, अशी माणसं आमच्या धंद्यात आहेत. त्यावर इलाज लायटरचा डबा नव्हे. गॅस भरायचा म्हणाला की विचारा: गळती कुठे सापडली? ती कशी बुजवणार? फिल्टर बदलणार का? व्हॅक्यूम किती वेळ लावणार? काटा आणलाय का, आणि पट्टीवरच्या आकड्याएवढाच गॅस भरणार ना? आर-६००एच्या फ्रीजवर कोणी खिडकी न उघडता आणि आतला गॅस बाहेर न काढता थेट नळ्या जोडायची ज्योतीची टॉर्च पेटवायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरची वॉरंटी अनेकदा बाकीच्या फ्रीजपेक्षा कितीतरी जास्त वर्षांची असते, तेव्हा वॉरंटी कार्ड आधी शोधा. कामाच्या बिलावर गॅसचं नाव, ग्रॅम, बदललेले भाग आणि किती महिन्यांची हमी हे लिहून घ्या. बिल असूनही कोणी हात वर केले, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.