ओल हवी, पण एकाच कोपऱ्यात: लेपर्ड गेकोच्या कातीबद्दलच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

लेपर्ड गेको ही घरी पाळली जाणारी एक पाल. तिची कात अडकली तर काय करावं, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. लेपर्ड गेको कोरड्या प्रदेशातला, त्याला ओल दिली तर श्वसनाचा संसर्ग होतो. त्याला कोमट पाण्यात ठेवणं म्हणजे छळ. आणि बोटांवर कात राहिलीच तर तेल लावून चिमट्याने ओढावी, नाहीतर पुढच्या वेळी ती आपोआप निघते. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, दुसऱ्यात निम्मं, आणि तिसऱ्या सल्ल्याने गेकोची बोटं जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चूक मान्य करतो. लेखात मी ‘आर्द्रता वाढवा’ एवढंच लिहिलं होतं, कुठली ते सांगितलं नव्हतं. त्यावरून कुणी गेको ठेवलेल्या सगळ्या काचेच्या टाकीत सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारला, तर तुमची भीती खरी ठरेल. टाकी सतत दमट आणि त्यात थंडही राहिली की श्वसनाचे आजार होतात, त्वचेवर फोड आणि बुरशी येते. टाकीतल्या हवेची आर्द्रता ३० ते ४० टक्केच असावी. ओल हवी ती एका झाकलेल्या खोक्यात.

हा प्राणी अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या माळांवरचा, हे बरोबर. पण तो दिवसभर उन्हात बसत नाही. दगडांखाली, बिळांत दडून राहतो आणि अंधार पडू लागला की बाहेर येतो. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ दमट असते. काचेच्या टाकीत हे बीळच नसतं, आणि ते आपल्याला करून द्यावं लागतं.

झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, साधारण २० बाय १५ सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटर उंच. मोठा गेको आत वळू शकला पाहिजे. बाजूला ५-६ सेंटिमीटरचं भोक पाडा आणि त्याची कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर पोट खरचटतं. आत स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) ३-४ सेंटिमीटर थर द्या. मॉस भिजवून मुठीत असं पिळायचं की दाबलं तरी थेंब पडू नये. पाणी साचलेला डबा ही सर्वात जास्त दिसणारी चूक. डबा अर्धा गरम बाजूवर ठेवा, कारण थंड ओल अपायकारक असते. आतली आर्द्रता ७० ते ८० टक्के हवी, आणि ती सेन्सरवाल्या डिजिटल हायग्रोमीटरनेच मोजा, काट्याच्या स्वस्त मीटरवर विसंबू नका. मॉस आठवड्याला बदला, वास आला तर लगेच.

ओल कशासाठी, तेही सांगायला हवं. जुन्या त्वचेखाली नवी तयार झाली की दोन्हींच्या मध्ये द्रव पसरतो आणि जुना थर सुटा होतो. गेको फिका, दुधाळ दिसू लागतो तो याच काळात. शरीरात पाणी कमी असेल किंवा बाहेरचा थर आधीच सुकला, तर तो सलग न निघता तुकड्यातुकड्यांनी फाटतो. गरम जागेच्या जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश नसेल तरीही हेच होतं. म्हणून कात अडकली की आधी थर्मामीटर आणि पाण्याची वाटी बघा.

पाण्यात ठेवण्याबद्दल: निरोगी गेको स्वतः कात काढतो, खाऊनही टाकतो, सगळं सहसा एका दिवसात आटोपतं. तेव्हा त्याला हातही लावू नका. पूर्ण २४ तास उलटूनही तुकडे राहिले, तरच पाणी. हवेसाठी भोकं असलेल्या झाकणाच्या डब्यात २८ ते ३० अंशांचं पाणी घ्या, जेमतेम पंजे बुडतील इतकं, म्हणजे ५ मिलिमीटर. तळाला टिश्यू पेपर घाला, पाय घसरले की तो घाबरतो. पंधरा ते वीस मिनिटं पुरतात, आणि तेवढा वेळ डब्याजवळून हलायचं नाही.

मग बोटं. बाजूने टॉर्च धरून भिंगातून पाहा. घरातल्या पालीसारख्या चिकट गाद्या याच्या बोटांना नसतात, ती बारीक आणि नखांची असतात. नखाच्या जरा मागे कागदी, मळकट पांढरं वळं दिसतं, दोरा गुंडाळल्यासारखं. ते सुकताना आकसतं आणि रक्तपुरवठा आवळतो. पुढचं टोक आधी फुगून चकाकतं, मग जांभळं, मग काळं पडून गळतं. ‘पुढच्या वेळी निघेल’ असं म्हणून थांबलात तर नव्या कातीचं वळं जुन्यावर चढतं आणि पकड अधिक घट्ट होते. म्हणून हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. ओला इअरबड बोटाच्या मुळापासून नखाकडे हळू फिरवा, मोजा उतरवावा तसा. निघालं नाही तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवा. कोरडी कात चिमट्याने ओढली की खालची कोवळी त्वचा सोलते, कधी नखच उपटतं. आणि शेपूट धरून त्याला कधीही अडवू नका, तो ती टाकून देईल.

तेलाने कात काही मऊ होत नाही, त्यावर माती मात्र चिकटते, आणि उरलेलं तेल चाटण्यातून पोटात जातं.

डोळ्यांबद्दल लेखात कमी लिहिलं होतं. लेपर्ड गेकोला हलणाऱ्या पापण्या असतात आणि त्यांच्या आत कातीचा तुकडा अडकू शकतो. ०.९ टक्क्याच्या निर्जंतुक सलाईनचे एक-दोन थेंब टाका, बस्स. माणसांची औषधी ड्रॉप्स नकोत, इअरबडने खरवडणं तर नकोच. डोळा दोन दिवस मिटलेला राहिला किंवा पू दिसला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. वारंवार डोळ्यांतच कात अडकत असेल तर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेबद्दल विचारा, पण डोस स्वतः ठरवू नका. ते जास्त झालं तरीही त्वचा सोलवटते.

बोट काळवंडलं, सुजलं, किंवा तीन दिवस भिजवूनही वळं हललं नाही, तर घरी आणखी प्रयत्न करू नका, पशुवैद्यांनाच काढू द्या. कात दर वेळी अडकत असेल आणि सोबत शेपूट बारीक होत असेल, तर कारण आर्द्रतेपलीकडचं असू शकतं. विष्ठेची तपासणी करून घ्या.

आर्द्रता कुठे द्यायची, हे मूळ लेखात आजच दुरुस्त करतो. तुमच्या गेकोच्या बोटांवर आत्ता वळी असतील, तर कृपया आज रात्रीच भिंग घेऊन एकेक बोट तपासा.