दहा गुंठ्यांत शंभर फळझाडं लावण्यापूर्वी

कुणी थोडीशी जमीन घेतली की त्याच्या फोनवर हा संदेश हमखास येऊन पडतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच: "उष्ण कटिबंधात काहीही लावा, येतं. दहा गुंठ्यांत शंभर झाडं आरामात बसतात. प्रत्येक जातीचं एकेक लावलं की बारा महिने घरचं फळ. कलमांच्या नादी लागू नका, खाल्लेल्या फळाच्या बिया पेरा. मिश्र बागेत रोग येत नाही. तीन वर्षं पाणी घाला, पुढची तीस वर्षं नुसतं तोडून खा."

यातलं एकही वाक्य निव्वळ थाप नाही, आणि खरी अडचण तीच आहे. प्रत्येकात खऱ्याचा एक तुकडा आहे, म्हणून माणूस मान डोलावतो आणि खड्डे खणायला लागतो. तेव्हा एकेक वाक्य सुटं करून बघू.

"दहा गुंठ्यांत शंभर झाडं." दहा गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. आंबा जुन्या पद्धतीने १० बाय १० मीटरवर लावला तर त्यात १० झाडं बसतात, ५ बाय ५ वर ४०, आणि अतिघन पद्धतीच्या ३ बाय २ वर दीडशेच्याही वर. म्हणजे शंभराचा आकडा हवेतून आलेला नाही, तो अतिघन लागवडीकडून उचललेला आहे. उचलताना छाटणीची कात्री तेवढी मागे राहिली. अतिघन बागेत सगळी झाडं एकाच जातीची, कलमी आणि एका वयाची असतात. फळं उतरली की लगेच, दरवर्षी, न चुकता छाटणी होते. छाटणी एक-दोन वर्षं राहून गेली की फांद्या एकमेकींत घुसतात, आतला उजेड संपतो आणि फळ धरतं ते फक्त शेंड्याला, जिथे हात पोचत नाही.

संदेशात मात्र शंभर झाडं शंभर प्रकारची आहेत. फणस, लिंबू, आंबा, डाळिंब, चिकू असे तीन-तीन मीटरवर शेजारी लावले तर पहिली चार वर्षं बाग फोटोत फार सुरेख दिसते. मग फणस आणि आंबा वर निघतात आणि बाकीची त्यांच्या खाली सापडतात. सावलीतलं लिंबाचं झाड मरत नाही, म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. पण पान जगवायला लागतो त्यापेक्षा फळ धरायला कितीतरी जास्त उजेड लागतो. ते झाड नुसतं हिरवं उभं राहतं.

सावली किती लांब जाते याचा हिशेब कागदावर करता येतो. १५ अंश उत्तर अक्षांशावर, २१-२२ डिसेंबरला भर दुपारी, १० मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे सुमारे ८ मीटर पडते. जूनच्या मध्यावर सूर्य तिथे डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा तीच सावली दक्षिणेला जेमतेम दीड मीटर. म्हणून विषुववृत्ताच्या उत्तरेला असाल तर उंच झाडं प्लॉटच्या उत्तर कडेला, दक्षिणेला असाल तर दक्षिण कडेला. (शेजाऱ्याच्या जमिनीवर सावली जाणार हे उघड आहे. त्याच्याशी आधी बोललेलं बरं.)

आता त्याच कागदावर १ मीटरला १ सेंटिमीटर धरून प्लॉट काढा आणि झाडाचा बुंधा न काढता दहा वर्षांनंतरचा घेर काढा. आंबा, फणस यांना ९-१० मीटरचं वर्तुळ, नारळाला साडेसात, पेरू-लिंबाला पाच-सहा, केळी-पपईला दोन. मोठी दोन, नारळ चार आणि मध्यम पाच-सहा एवढ्यात जवळपास अर्धा कागद भरतो. उरलेल्यात वाट, पाण्याची टाकी, भाजीचे वाफे आणि केळीची रांग. कायमची झाडं अकरा-बारा, फार तर पंधरा. शंभर नाहीत.

पण शंभरातला खरा तुकडा इथेच आहे. पहिली चार-पाच वर्षं ही मोठी वर्तुळं रिकामीच असतात आणि तिथे भरपूर ऊन असतं. तेव्हा खुशाल दाट लावा, फक्त जाणाऱ्या वस्तू लावा. चवळी, मका, भुईमूग एका हंगामात निघतात. रताळी चार महिन्यांत. पपई नऊ-दहा महिन्यांत फळावर येते आणि तीनेक वर्षांत थकते. केळीचा पहिला घड वर्षभरात किंवा थोडा पुढे. अननसाला दीड-दोन वर्षं. सावली वाढली की मका-रताळी बंद करून त्याच जागी हळद, आलं, अळू, आणि खोड जाड झालं की त्यावर मिरीचा वेल. संदेशात फळझाडांखेरीज कुठल्याच पिकाचा उल्लेख नाही, हे मला सगळ्यात खटकतं. लहान जमिनीवर पहिली पाच वर्षं ताटात जे येतं ते याच पिकांतून येतं.

"उष्ण कटिबंधात काहीही येतं." झाड येतं. फळाचं वेगळं. उष्ण कटिबंध म्हणजे एकच हवा नव्हे, त्यात बारमाही पाऊसही येतो आणि सात-आठ महिन्यांचा कोरडा काळही. आंब्याला मोहोर फुटायला थोडी थंडी किंवा कोरडा ताण लागतो. विषुववृत्तालगत पाऊस थांबतच नाही तिथे आंबा पालवीवर पालवी काढत राहतो, मोहोर तुरळक येतो, आणि येतो तोही ओल्या हवेत करप्याने काळा पडतो. उलट मँगोस्टीन, रामबुतान, ड्युरियन या आग्नेय आशियातल्या फळांना दमट हवा लागते आणि लांब उन्हाळा सोसत नाही. लिचीला फुलायला थंड हिवाळा हवा. उष्ण सखल भागात ती पानांनी डवरते, पण फुलत नाही. अ‍ॅव्होकॅडोचे तीन वंश आहेत: वेस्ट इंडियन, ग्वाटेमालन, मेक्सिकन. सखल उष्ण भागाला मानवतो तो वेस्ट इंडियन. जगभर सर्वाधिक विकला जाणारा 'हास' हा ग्वाटेमालन-मेक्सिकन संकर आहे, त्याला तुलनेने थंड हवा आवडते. त्यामुळे विकत आणलेल्या 'हास'ची बी गरम सखल जमिनीत पेरणाऱ्याने फार आशा धरू नये.

हवेइतकाच महत्त्वाचा निचरा. त्याची परीक्षा फुकट आहे आणि तरी कोणी करत नाही. हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने काठोकाठ भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. पहिलं पाणी कोरडी माती पिते, ते मोजायचं नाही. दुसरं पाणी काही तासांत उतरलं तर उत्तम. दुसऱ्या सकाळी खड्ड्यात आपलं तोंड दिसत असेल तर त्या जागी पपई आणि अ‍ॅव्होकॅडो नको. पपईच्या मुळाशी दिवस-दोन दिवस पाणी तुंबलं की झाड मान टाकतं. अ‍ॅव्होकॅडोच्या मुळांना फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाची कूज लागते आणि ती जमिनीतून हटत नाही. अशा जागी उंच वरंबे करा, नाहीतर अळू लावा. पेरूही बऱ्यापैकी सोसतो. आणि खड्डा एकाच ठिकाणी खणून भागत नाही. दहा गुंठ्यांतसुद्धा वरचा कोपरा आणि खालचा कोपरा वेगळा निघतो.

"प्रत्येक जातीचं एकेक." हे वाक्य लिहिणाऱ्याने फुलाकडे कधी पाहिलेलं नसावं. पेरू, लिंबू, फणस एकट्याने फळतात, केळीला तर परागणच लागत नाही. म्हणून नियम सगळ्यांना लागू आहे असं वाटतं. पपई घ्या. तिच्यात नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात, आणि रोपावरून नुसतं बघून ते कळत नाही. एकच रोप लावलं आणि ते नर निघालं की संपलं. म्हणून एका आळ्यात तीन-चार रोपं लावतात आणि फुलं आली की निवड करतात. नराची फुलं लांब लोंबत्या देठावर झुबक्याने येतात. मादीचं फूल खोडाला चिकटून, तळाशी फुगीर. उभयलिंगी फूल त्याहून सडपातळ, लांबट. उभयलिंगी झाडाच्या स्वपरागित फळाची बी पेरली तर नर निघत नाहीत, साधारण दोन उभयलिंगीमागे एक मादी पडते. हे माहीत असेल तर बी पेरण्यासारखं सोपं काही नाही.

अ‍ॅव्होकॅडोचं फूल दोनदा उघडतं, एकदा मादी म्हणून, एकदा नर म्हणून. 'ए' गटाच्या झाडांत ते पहिल्या दिवशी सकाळी मादी असतं, मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन उघडतं. 'बी' गटात पहिल्या दुपारी मादी आणि दुसऱ्या सकाळी नर. दोन्ही गटांतलं एकेक झाड जवळ असेल तर मेळ बसतो. एकट्यालाही थोडी फळं लागतात, कारण वेळा नेहमी इतक्या काटेकोर नसतात, पण भरवसा नाही. पिवळ्या पॅशन फ्रूटला स्वतःचे परागकण चालत नाहीत, आणि एकाच वेलाच्या काड्यांपासून केलेले दहा वेल त्या हिशेबात एकच वेल. शिवाय त्याचं फूल मोठं असल्याने परागणाला मोठा काळा भुंगा लागतो, लहान माशीचं ते काम नाही. जायफळात नर-मादी झाडं वेगळी, आणि बियांच्या रोपाचं लिंग कळायला सहा-आठ वर्षं जातात. व्हॅनिला मूळ प्रदेशाबाहेर नेला तेव्हा शेंगच धरेना. हाताने परागण करायची सोपी युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आणि आजही ते काम हातानेच चालतं.

"बिया पेरा, कलमं नकोत." अर्धं खरं. नारळ बीपासूनच लावतात. मँगोस्टीनचं रोप बीतून जवळपास आईसारखंच येतं, फक्त फळासाठी आठ-दहा वर्षं थांबायची तयारी लागते. काही आंब्यांच्या कोयीतून एकाहून जास्त रोपं उगवतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. पण ज्या आंब्याच्या कोयीतून एकच रोप येतं तिथे नशिबावर हवाला. कलमी झाड तीन-चार वर्षांत फळाला लागतं, कोयीचं सहा-आठ किंवा त्याहूनही उशिरा. ज्याच्याकडे मोठी जमीन आहे त्याने हा जुगार जरूर खेळावा, नव्या जाती अशाच मिळतात. दहा गुंठेवाल्याचं झाड आठ वर्षांनी आंबट, रेषाळ निघालं तर तेवढी वर्षं त्याने ७०-८० चौरस मीटर जागा अडवलेली असते. तरीही बीचं झाड उभं असेलच तर तोडू नका, त्यावर हवी ती जात कलम करून चढवता येते.

"मिश्र बागेत रोग येत नाही." कमी पसरतो, एवढं म्हणा. एकाच वाणावर अवलंबून राहिल्याने काय होतं ते केळीने दाखवलं आहे. निर्यातीच्या बागांत एकेकाळी ग्रो मिशेल हीच केळी होती. जमिनीतल्या बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगाने ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धुऊन काढली, तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, आणि आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशच्या मागे आहे. २०१९ साली तो कोलंबियात पोचल्याची खात्री झाली. पण ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, आणि शेजारी पेरू लावलाय म्हणून ती थांबत नाही. तिथे खात्रीचे, निरोगी मुनवे (केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब) किंवा ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपंच कामाला येतात.

आणि काही मिश्रणं तर रोगाला आमंत्रणच. पपईचा रिंगस्पॉट विषाणू भोपळावर्गीय वेलांवरही जगतो आणि मावा तो इकडून तिकडे नेतो. पपईच्या रांगेत काकडी-भोपळा ही जोडी मी तरी लावणार नाही. बारा महिने फळ या स्वप्नाचीही दुसरी बाजू तीच: आंबा संपताना पेरू, पेरू संपताना दुसरं काही अशी साखळी जमली की फळमाशीचीही बारमाही सोय होते. गळलेली फळं रोजच्या रोज उचलणं आणि वाढत्या फळांना पिशव्या घालणं हे अशा बागेचं नित्याचं काम आहे.

"पुढची तीस वर्षं नुसतं तोडून खा." यावर फार लिहायला नको. फळ बागेतून जातं तेव्हा जमिनीतलं अन्नही त्याच्याबरोबर जातं. केळी त्यात सगळ्यात हावरी, पालाश (पोटॅश) तर ओढून काढते. घड कापल्यावर तिचं खोड आणि पानं चिरून तिथल्याच बुडाशी टाकली तर त्यातला बराचसा पालाश परत मिळतो, आच्छादनाने ओलही टिकते. एका बुडाला तीन पिढ्या ठेवायच्या: घडावरची, कंबरेएवढी आणि जमिनीतून नुकती डोकावणारी. बाकीचे मुनवे कोयत्याने काढायचे, आणि ते दर महिन्याला पुन्हा येतात.