बाळ दगावलं की दोष आईच्या अडाणीपणाचा?

समाजमाध्यमांवर हौसेनं पुढे पाठवला जाणारा एक दावा आहे. गरीब देशांत नवजात बाळं दगावतात ती आया अडाणी असतात म्हणून. जगातले निम्मे बालमृत्यू आईच्या शिक्षणामुळेच टळले, हे सिद्ध झालंय. तेव्हा मुलींना शाळेत बालसंगोपन शिकवा. आजच्या निरक्षर आयांना सांगून मात्र उपयोग नाही.

आईचं शिक्षण आणि मुलाचं जगणं यांचा संबंध आहेच. लोकसंख्येचे अभ्यासक जॉन कॉल्डवेल यांनी 1979 मध्ये नायजेरियातल्या पाहणीवरून तो ठासून मांडला आणि नंतर देशोदेशी तो पुन्हा पुन्हा दिसला. पण त्यावरून काढलेले हे निष्कर्ष टिकत नाहीत.

आधी ‘अडाणी म्हणून’ हे पाहू. नवजात म्हणजे पहिल्या 28 दिवसांचं बाळ. 2022 मध्ये अशी सुमारे 23 लाख बाळं गेली, पाच वर्षांखालच्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मी. मुख्य कारणं तीन: अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग. बाळ रडलं नाही तर मिनिटभरात त्याला श्वास द्यावा लागतो. त्या वेळी आई नुकती बाळंत झालेली असते. ती पदवीधर असली तरी हे काम तिचं नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षित माणसाचं. शिक्षणाचा उपयोग होतो तो त्याआधी: लग्न आणि पहिलं बाळंतपण लांबतं, गरोदरपणात तपासण्या होतात, बाळंतपण दवाखान्यात करण्याचा आग्रह घरात धरता येतो. पण दवाखानाच नसेल तर आग्रह कुठला धरायचा? म्हणूनच आईच्या शिक्षणाचा परिणाम पहिल्या महिन्यात तुलनेनं कमी दिसतो आणि मूल मोठं होईल तसा वाढतो.

‘निम्मे मृत्यू टळले’ हा आकडा हवेतला नाही. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 175 देशांच्या अभ्यासात 1970 च्या तुलनेत 2009 मध्ये 82 लाख मृत्यू कमी झाल्याचं दिसलं आणि त्यांतल्या 42 लाखांचं श्रेय स्त्रियांच्या वाढत्या शिक्षणाला दिलं गेलं. पण ही मुलं पाच वर्षांखालची, नुसती नवजात नव्हेत. आणि हे श्रेय सांख्यिकी प्रारूपातून, म्हणजे आकडेवारीवर मांडलेल्या गणिती हिशेबातून, काढलेला अंदाज आहे. शिकलेल्या बाईचा नवराही बहुधा शिकलेला असतो, घरात नळ आणि संडास असतो, गाव रस्त्यालगत असतं. सोनाल्दे देसाई आणि सौम्या अल्वा या संशोधकांनी 1998 मध्ये 22 देशांची आकडेवारी तपासताना या गोष्टी हिशेबात घेतल्या, तेव्हा शिक्षणाचा परिणाम बराच ओसरला.

मग सगळा परिणाम पैशाचाच, असंही म्हणता येत नाही. तैवाननं 1968 मध्ये सक्तीचं शिक्षण सहावरून नऊ वर्षांवर नेलं. झिम्बाब्वेनं 1980 मध्ये स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शाळांची दारं उघडली. केवळ वयामुळे ज्या मुलींना ही संधी मिळाली, त्यांची मुलं थोड्याशा फरकानं संधी हुकलेल्यांच्या मुलांपेक्षा जास्त जगली. माझ्या मते आईच्या शिक्षणाच्या बाजूनं हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि दाव्यात नेमका तोच नाही.

शाळेत बालसंगोपनाचा धडा घालण्याबद्दल फार बोलायला नको. अर्थतज्ज्ञ पॉल ग्लेवी यांनी मोरोक्कोत केलेला अभ्यास मुलांच्या उंचीबद्दल होता, जगण्याबद्दल नव्हे. पण आयांना आरोग्याची जाण वर्गात फारशी मिळाली नव्हती. वाचता-मोजता येत असल्यानं ती त्यांनी पुढे बाहेरून मिळवली होती.

‘निरक्षर आयांना सांगून उपयोग नाही’ हे मात्र सरळ खोटं आहे, आणि क्रूरही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या चमूनं गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. आया शिकण्याची वाट कुणी पाहिली नाही. नेपाळच्या मकवानपूरमध्ये तर औषधोपचारांवर भर नव्हता. बायकांचे गट दर महिन्याला जमून बाळंतपणातल्या अडचणींवर बोलत आणि तोडगे काढत. 2004 च्या निष्कर्षांत अशा गटांच्या भागात नवजात मृत्युदर गट नसलेल्या भागांपेक्षा 30 टक्क्यांनी कमी होता. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती.

आणि या सगळ्यात बाप कुठे आहे? इंडोनेशियानं 1970 च्या दशकात हजारो शाळा बांधल्या. त्याचा परिणाम तपासणाऱ्या एस्थर डुफ्लो आणि लुसिया ब्रेयरोवा या अर्थतज्ज्ञांना बालमृत्यू घटवण्यात बापाचं शिक्षणही आईच्या शिक्षणाइतकंच महत्त्वाचं दिसलं. पण बाळ दगावल्यावर बाप किती शिकलाय, हे कुणी विचारत नाही.