लुकलुकणाऱ्या चेतापेशी हेल्मेटचा पुरावा ठरत नाहीत

उंदराच्या मेंदूतल्या पेशी काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या लुकलुकताना दाखवणाऱ्या चित्रफितींसोबत एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो: प्रकाशाने चेतापेशी जाग्या होतात हे शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून लाल-अवरक्त दिव्यांचे हेल्मेट घातले की स्मरणशक्ती सुधारते.

पहिली चूक चित्र वाचण्यातच आहे. ही हिरवी चमक बहुधा ‘जीकॅम्प’ या प्रथिनाची असते. त्याचे जनुक उंदराच्या पेशींत आधी घालावे लागते, कवटीचा तुकडा काढून तिथे काच बसवावी लागते, आणि मग द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकाचा लेसर ते प्रथिन उजळवतो. पेशी चेतली की तिच्यातले कॅल्शियम वाढते आणि प्रथिन अधिक चमकते. म्हणजे इथला प्रकाश बहुतेक वेळा पाहण्यासाठी असतो, पेशी चेतवण्यासाठी नव्हे. उंदराने नुसत्या मिशा हलवल्या तरी संबंधित पेशी उजळतात. शिवाय पेशीचा विद्युत्स्पंद सुमारे एका मिलिसेकंदाचा, तर चमक शेकडो मिलिसेकंद रेंगाळणारी, त्यामुळे हे चित्र स्पंदाचे नसून त्याच्या मागे उरलेल्या खुणेचे असते.

दुसरा मुद्दा ऑप्टोजेनेटिक्सचा, म्हणजे पेशींत प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक घालून त्या प्रकाशाने चालवण्याच्या तंत्राचा. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी निळ्या प्रकाशाने चेतापेशी नेमक्या क्षणी चेतवून दाखवल्या हे खरेच आहे, पण त्या पेशींत एका हिरव्या शेवाळातले प्रकाशसंवेदी प्रथिन, चॅनेलऱ्होडॉप्सिन, घातलेले होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने अंध झालेल्या एका रुग्णाला टेबलावरच्या वस्तू ओळखून हात नेता आला, तेव्हाही डोळ्यात विषाणूमार्फत असेच जनुक सोडले होते आणि सोबत खास चष्मा होता. इतक्या मोलाच्या कामाचे श्रेय दुकानातल्या हेल्मेटला देणे मला अन्यायाचे वाटते.

‘असे जनुक न घालताही प्रकाशाने पेशी चेततात’ हे हेल्मेटच्या बाजूने दिले जाणारे उत्तर मात्र निम्मे बरोबर आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने २००५ मध्येच उघड्या केलेल्या उंदराच्या मज्जातंतूवर अवरक्त लेसरचे स्पंद सोडून स्नायू आकुंचित करून दाखवले. पण ती करामत उष्णतेची होती: सुमारे २ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ऊतींतले पाणी शोषून घेते, तापमान झटक्यात वाढते आणि, २०१२ च्या शिकागो विद्यापीठातील संशोधनानुसार, पेशीपटलाची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलून पेशी चेतते. हेल्मेटमधला सुमारे ८१० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी त्याच्या हजारांशानेही शोषत नाही, आणि त्वचा व कवटी ओलांडताना त्याचा फार मोठा भाग विखुरतो वा शोषला जातो. त्यामुळे तो दाखला इथे लागूच होत नाही.

प्रयोगशाळेतही सावधगिरी लागते. प्रकाशसंवेदी प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूतही प्रकाशाच्या नुसत्या उबेने काही पेशींचे स्पंदन घटते, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. तापमानाबरोबर चमकही बदलते, म्हणून चित्रातला बदल चेतनेचा की उबेचा हे तुलनागटाशिवाय ठरत नाही.

मंद लाल-अवरक्त प्रकाशाचा पेशीतल्या ऊर्जानिर्मितीवर परिणाम होतो का, यावर स्वतंत्र संशोधन चालू आहे आणि ते व्हायलाच हवे. पण त्याचा निर्णय दिवे बंद ठेवलेले, पण एरवी अगदी तसेच हेल्मेट घातलेल्या माणसांशी तुलना करूनच लागेल, उंदराच्या लुकलुकणाऱ्या पेशींवरून नाही.