झोपडवस्तीतल्या मुलांची 'जबरदस्त प्रतिकारशक्ती' ही जीवघेणी समजूत आहे

वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या माझ्या भाच्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश पाठवला आणि त्याखाली 'विचार करण्यासारखे आहे' असे लिहिले. झोपडवस्त्यांमध्ये दवाखाने काढणे हा पैशाचा अपव्यय आहे, असे त्या संदेशाचे म्हणणे आहे आणि त्यासाठी चार कारणे दिली आहेत : घाणीत वाढल्यामुळे तिथल्या लोकांची प्रतिकारशक्ती मुळातच जबरदस्त असते, मोठी सरकारी रुग्णालये त्यांना जवळच असतात, औषधे दिली तरी ते उपचार अर्धवट सोडतात, आणि दवाखाना दिला की अनधिकृत वस्ती कायमची होते. हा संदेश याआधीही माझ्यापर्यंत आला होता आणि मी तो सोडून दिला होता. परंतु उद्या ज्याच्यासमोर याच वस्त्यांमधले रुग्ण बसणार आहेत, त्याला तो पटावा हे सोडून देण्यासारखे नाही.

प्रतिकारशक्तीचा मुद्दा सर्वांत निराधार आहे आणि सर्वांत घातकही आहे, कारण तो उपेक्षेलाच आरोग्य ठरवतो. घाणीत राहिल्याने शरीर कणखर होत असेल, तर घर स्वच्छ केल्यावर मुलांच्या आजारपणात काही फरक पडू नये. हे प्रत्यक्ष तपासून झालेले आहे. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० मध्ये 'पिसो फिर्मे' नावाची योजना सुरू झाली आणि मातीची जमीन असलेल्या गरीब घरांना ५० चौरस मीटरपर्यंत सिमेंटचा कोबा विनामूल्य करून मिळाला. कोआविलातल्या तोर्रेऑन शहराला लागूनच शेजारच्या दुरांगो राज्याची शहरे आहेत आणि तिथे ही योजना नव्हती. त्यामुळे एकाच परिसरातल्या, सारख्याच परिस्थितीतल्या कुटुंबांची तुलना करणे संशोधकांना शक्य झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, घरातली सगळी मातीची जमीन जाऊन कोबा आला तर सहा वर्षांखालील मुलांमधला जंतांचा प्रादुर्भाव ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो. मुलांच्या बौद्धिक विकासाच्या चाचण्यांमध्येही लक्षणीय सुधारणा दिसली. घरांमध्ये बदलली होती ती केवळ जमीन, आणि तेवढ्याने एवढा फरक पडत असेल तर आधीच्या मातीने त्या मुलांना कोणते बळ दिले होते, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

उलट, वारंवार होणारे आतड्यांचे संसर्ग आणि कुपोषण यांमुळे मुलांचे शरीर लसीलाही नीट प्रतिसाद देऊ शकत नाही, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. लहान मुलांना तीव्र जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची, तोंडावाटे दिली जाणारी लस श्रीमंत देशांत जितकी परिणामकारक ठरते तितकी ती गरीब देशांत ठरत नाही, ही गोष्ट अनेक चाचण्यांतून सिद्ध झाली आहे. वस्तीत फिरताना जी धडधाकट माणसे दिसतात ती बालपणातून वाचलेली माणसे असतात. जी मुले वाचली नाहीत ती कोणाच्या नजरेस पडत नाहीत, आणि त्यांना वगळून काढलेल्या निष्कर्षाला निरीक्षण म्हणता येत नाही.

या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मोठ्या भावंडांमध्ये वाढलेल्या ब्रिटिश मुलांना परागकणांची ॲलर्जी कमी होते, असे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९८९ मध्ये दाखवले आणि लहानपणीच्या संसर्गांचा ॲलर्जीशी असलेला संबंध तेव्हापासून अभ्यासला जात आहे. मात्र तो विषय शिंकांचा आणि दम्याचा आहे. पटकी, विषमज्वर किंवा क्षयरोग यांपासून संरक्षण मिळते असे त्यातून कोणीही सिद्ध केलेले नाही.

रुग्णालय जवळ असते, या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. ज्यांना उपचारांची गरज सर्वाधिक असते त्यांनाच चांगली सेवा सर्वांत कमी मिळते, हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्येच मांडले होते. रुग्णालयाची इमारत खिडकीतून दिसत असली, तरी पत्त्याचा पुरावा मागितला जात असेल आणि बाह्यरुग्ण विभाग दुपारी बंद होत असेल, तर हातावर पोट असलेल्या माणसाला ती दूरच असते.

उपचार अर्धवट सुटतात, हे खरे आहे. क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. पहिल्या काही आठवड्यांतच बरे वाटू लागते आणि त्यानंतर औषधांसाठी कामावर खाडा करणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवणे असते. परंतु यावरून दवाखाना नको असे ठरत नाही. तो वस्तीत हवा, संध्याकाळी उघडा हवा आणि रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी जाणारे कोणीतरी हवे, असेच यावरून ठरते. ब्राझीलने १९९४ मध्ये सुरू केलेल्या कुटुंब आरोग्य कार्यक्रमात त्याच परिसरात राहणारे आरोग्यसेवक दर महिन्याला घरोघरी जातात. १९९० ते २००२ या काळातल्या आकडेवारीच्या अभ्यासात, या कार्यक्रमाची व्याप्ती १० टक्क्यांनी वाढली की एक वर्षाखालील बालकांचा मृत्युदर सुमारे ४.५ टक्क्यांनी घटतो, असा संबंध आढळला. रुग्णाला बेजबाबदार म्हणण्याआधी, त्याच्या दारापर्यंत असे कोणी कधी गेले होते का, हे विचारणे भाग आहे.

राहिला वस्ती कायमची होण्याचा मुद्दा. माणसे शहरात कामासाठी येतात, दवाखान्यासाठी येत नाहीत. कराचीतल्या ओरंगी वस्तीत समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये काम सुरू केले तेव्हा तिथे सांडपाण्याची धड व्यवस्था नव्हती, तरीही लाखो लोक आधीच राहत होते. पुढे तिथल्या रहिवाशांनी आपापल्या गल्लीतल्या सांडपाण्याच्या वाहिन्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली स्वतःच्या खर्चाने टाकल्या. सोयी नाकारल्यामुळे येणारे थांबले नव्हते, एवढे यातून स्पष्ट होते. दवाखाना न दिल्यामुळे रिकामी झालेली एकही वस्ती कुठे असल्यास संदेश लिहिणाऱ्याने तिचे नाव द्यायला हवे होते. त्या लांबलचक मजकुरात तसे एकही नाव नाही.